वाढत्या अंगाचा शर्ट

दादा गेला तेव्हा धाकट्यापुढे दुःखाच्या आधी एक वेगळाच प्रश्न येऊन उभा राहिला: रविवारच्या शोकसभेला घालायचं काय?

हा प्रश्न त्याने स्वतःहून काढलेला नव्हता. प्रश्न काढण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. काढला बायकोने. ती त्याचं कपाट उघडून उभी होती आणि एकेक हँगर बाजूला सरकवत होती.

"हा कोणाचा?"

"दादाचा."

"हा?"

"दादाचाच."

"आणि हा मोरपंखी चौकडीचा?"

"तोही दादाचाच होता. पण आता माझा आहे. बरीच वर्षं झाली."

बायकोने कपाटाचं दार लावलं. "अहो, गेलेल्या माणसाच्या सभेत त्याचाच शर्ट घालून, त्याच्याच फोटोशेजारी उभे राहून बोलणार तुम्ही? लोकांना वाटेल, फोटोतून उतरून खाली आले."

धाकट्याने विचार करून पाहिला. मुद्दा बिनतोड होता. वयाची साठी वर्षावर आली होती, डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता आणि घरात स्वतःचा म्हणावा असा एक शर्ट नव्हता. याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. गेल्या सोमवारपासून त्याला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर सुई टोचतात, मग गाल आपलाच असतो पण शेजाऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंगच शेजाऱ्याचं झालं होतं. दादा दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. फोन आला, धाकटा गेला, करायचं ते सगळं त्याने केलं. येणारा जाणारा जो तो खांद्यावर हात ठेवून सांगायचा, "रडून घ्या. मोकळं वाटेल." धाकटा म्हणायचा, "हो, घेतो." जसं काही दूध घ्यायला सांगितलंय.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर हजर. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायच्या खोलीत त्याची आजवरची सगळी नोकरी झाली होती. लोकांच्या घरातून काढून आणलेले मीटर लांब टेबलावर ओळीने जोडायचे, त्यांतून मोजून पाणी सोडायचं आणि कोणता मीटर जास्त पळतो, कोणता झोपा काढतो ते लिहायचं.

"रजा घ्या की हो," साहेब म्हणाले.

"घरी बसून काय करू?"

"अहो, शोक."

"तो इथेही होईल," धाकटा म्हणाला आणि पुढचा मीटर जोडायला घेतला.

तर कपड्यांचं असं होतं. आईला शिवणकाम येत होतं आणि तिचा कपड्यांबद्दलचा एकच सिद्धांत होता: कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा. दादासाठी शर्ट शिवताना ती माप घ्यायची, मग मापावर विश्वास नसल्यासारखी चार बोटं वाढवायची, आतून शिवणीत आणखी दोन बोटं कापड राखून ठेवायची. दादा त्या शर्टात ढगळ दिसायचा. अंग भरेपर्यंत शर्ट विटायचा आणि मग तो खाली यायचा, म्हणजे धाकट्याकडे. दादाला जो ढगळ, तो तीन वर्षांनी लहान असलेल्या धाकट्याला राहुटीसारखा. बाह्या कोपराच्या खाली, खांदे दंडावर. "अंग वाढलं की बसेल," आई म्हणायची. धाकटा अंग वाढायची वाट बघायचा. अंग वाढायचं, पण तोवर कोपराला भोक पडायचं.

शाळेत त्याला कोणी काही बोललं असं नाही. एकदा चित्रकलेच्या मास्तरांनी वर्गात विचारलं, "आत कोण आहे?" एवढंच. पोरं आठवडाभर हसली. त्यात दुष्टावा नव्हता; शर्टच तसा होता.

कॉलेजात गेल्यावर फॅशन नावाची गोष्ट सुरू झाली. दादाने पायघोळ बेलबॉटम घेतल्या, मिरवल्या, आणि जग अरुंद पँटींकडे वळल्यावर त्या धाकट्याकडे आल्या. अरुंद पँटी आल्या तेव्हा जग पुन्हा सैल झालं होतं. जगाची फॅशन फिरून यायची तेव्हा मधेच कधीतरी धाकटा बरोबर वेळेवर सापडायचा. अशा एकदोन महिन्यांत त्याला लोक "काय स्मार्ट दिसतोस रे" म्हणाले होते. नंतर जग पुढे गेलं.

मग दादा औषधकंपनीत विक्रीला लागला. डॉक्टरांच्या दारात दिवसभर बसायचं तर टापटीप हवी, म्हणून त्याचे शर्ट वाढले आणि शर्टांवर चौकडी आली. निळी चौकडी, तपकिरी चौकडी, चौकडीत चौकडी. चौकडीशिवाय दादा कोणी पाहिला नाही. शिवाय दादाला म्हणे फिटिंगची भारी आवड. वजन वाढलं, पोट सुटलं, पण शर्ट अंगाला चिकटलेलाच हवा. पोटावरच्या गुंड्या जीव मुठीत धरून बसलेल्या. त्याच्या कॅरम क्लबातली मंडळी म्हणायची, "दादा, शिंकू नका हां. समोर माणसं बसलीत."

आणि वर्षभरात तो शर्ट धाकट्याकडे. आता मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसायचा. धाकट्याला वाटलं, आई म्हणत होती ते खरं झालं. आपलं अंग एकदाचं वाढलं.

नोकरीची मुलाखत दादाच्या शर्टात झाली. लग्न दादाच्या सुटात झालं. लग्नाआधी पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा अंगावर किरमिजी चौकडी होती. पुढे कधीतरी बायको म्हणाली होती, "मी हो म्हटलं ते तुमच्या शर्टाकडे बघून नाही. शर्ट सोसून." लग्नानंतर तिने हौसेने एक नवा शर्ट आणला. त्याने तो हातात घेतला, छान आहे म्हणाला आणि घडी न मोडता कपाटात ठेवला. शेवटी तो घरी कामाला आलेल्या गवंड्याला गेला. पुन्हा तिने कधी आणला नाही. दादा असताना गरजही नव्हती. दादा निवृत्त झाला, डॉक्टरांची दारं सुटली, तरी शर्ट येतच राहिले.

"जा आणि एक शर्ट घेऊन या," बायको म्हणाली. "साधा."

"तू येतेस?"

"नाही. एवढा एक तरी तुमचा तुम्ही आणा."

दुकान चांगलं ऐसपैस होतं. काउंटरवरचा माणूस गळ्यात टेप अडकवून उभा होता आणि गिऱ्हाईक आत येण्याआधीच त्याचं कुटुंब, खिसा आणि कमर ओळखणाऱ्यांपैकी वाटत होता.

"या साहेब. कोणासाठी दाखवू?"

"मला."

"कुठलं काय? लग्न, पार्टी, ऑफिस?"

"शोकसभा."

"अच्छा." त्याने चेहरा बदलला, टेप मात्र गळ्यातच. "आपलं स्वतःचं कोणी?"

"भाऊ."

"अरेरे. धाकटे?"

"धाकटा मी."

दुकानदार क्षणभर बघत राहिला, मग त्याने छातीभोवती टेप फिरवला. "चाळीस."

"चाळीस नसेल हो. मला दादाचे शर्ट नेमके बसतात. आणि दादा चांगला भरलेला होता."

"दादांचं मला माहीत नाही. तुम्ही चाळीस." दुकानदाराने टेप त्याच्या नाकासमोर धरला. "आता बोला. रंग कुठला आवडतो?"

धाकट्याने मांडणीकडे पाहिलं.

"फिका की गडद?"

धाकट्याने पुन्हा पाहिलं. तो टाळत नव्हता. तो खरोखर आत जाऊन शोधत होता. एखाद्या खोलीत जावं, दिवा लावावा आणि तिथे सामानच नसावं, तसं काहीतरी त्याला दिसलं. याचंही वाईट वाटलं नाही. फक्त नोंद झाली.

"नेहमी काय घालता?" दुकानदाराने दोर आणखी सैल सोडला.

"चौकडी."

"हे आधी सांगायचं ना!" म्हणत त्याने चौकडीचा ढीग टेबलावर ओतला. धाकट्याने ढीग पाहिला. एकेक शर्टात त्याला दादा दिसला, गुंड्या ताणलेला. त्याने मान हलवली.

मग पट्ट्यांचे निघाले, ठिपक्यांचे निघाले, पांढरे निघाले, एक फुलाफुलांचाही निघाला आणि दुकानदाराने शोकसभा आठवून तो आत ढकलला. पंखा फिरत होता. शेजारच्या बाईचे तेवढ्यात दोन मुलांचे गणवेश घेऊन झाले. दुकानदाराचा हात थकून एका घडीवर टेकला होता. धड राखाडी नाही, धड हिरवा नाही, असा साधाच शर्ट.

"हा?" धाकट्याने विचारलं.

"हा राहू द्या. हा रंग कोणी घेत नाही."

"कोणीच?"

"आला तेव्हापासून पडून आहे, खोटं कशाला सांगू?"

"मग हाच द्या," धाकटा म्हणाला. कोणी घेत नाही, म्हणजे तो कोणाच्या अंगावर आपण आधी पाहिलेला नसणार, एवढा साधा हिशेब त्याने केला. आयुष्यातली पहिली निवड म्हणून ती काही वाईट नव्हती.

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सभेच्या आधी जरा येऊन जा. कपाट उघडलंय मी."

धाकटा नव्या शर्टातच गेला. कॉलर मानेला करवतीसारखी लागत होती. वहिनींनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि क्षणभर ओळखच पटली नाही.

"अगंबाई, तुम्ही होय? मला वाटलं, विम्याचे कोणी आले."

दादाची खोली जशीच्या तशी होती. पलंगावर शर्टांच्या घड्या घातलेल्या, एकावर एक, चौकडीवर चौकडी. वहिनींनी सकाळपासून इस्त्री केली असावी. खोलीला गरम कापडाचा वास होता. त्यांचे डोळे सुजलेले होते. धाकट्याला त्यांचा थोडा हेवा वाटला.

"हे सगळे तुमचे," त्या म्हणाल्या.

धाकट्याने वरचा शर्ट उचलला. दुकानातला टेप आठवून आतली कॉलर उलटली आणि लेबल पाहिलं. जन्मभर मीटरचे आकडे वाचणाऱ्या माणसाने हा आकडा मात्र कधी वाचला नव्हता. चाळीस. खालचा पाहिला, चाळीस. त्याखालचाही चाळीस.

"वहिनी, दादाचं माप काय होतं हो?"

"चव्वेचाळीस. शेवटी शेवटी त्यातही कोंबावं लागायचं."

"मग हे?"

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या. "म्हणजे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? मी ह्यांना म्हणायची, भाऊजींना कळलं असणार, दाखवत नाहीत. हे म्हणायचे, नाही, तो भोळा आहे."

"काय कळलं असणार?"

"अहो, हे तुमचेच शर्ट. तुमच्या मापाचे, तुमच्यासाठी आणलेले. हे फक्त आधी घालून मऊ करून द्यायचे."

धाकटा उभाच राहिला. वहिनींनी सांगायला सुरुवात केली आणि त्या सांगत असताना तो ऐकत होता, दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसा. आईने एकदा, एकदाच, धाकट्यासाठी कोरा शर्ट शिवला होता. त्याने तो घातला आणि थयथयाट केला. टोचतो, म्हणाला. अंगातून ओरबाडून काढला, दोन दिवस उघडा हिंडला. शेवटी दादाने तो इवलासा शर्ट स्वतःच्या अंगात कसाबसा घुसवला, काखेत उसवला तरी घरभर फिरला, त्यात झोपला, आणि तिसऱ्या दिवशी काढून दिला. "घे. आता नाही टोचणार." आणि धाकट्याने तो निमूट घातला.

"मला हे आठवत नाही," धाकटा म्हणाला.

"त्यांना आठवत होतं ना. लग्न झाल्यावर मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. म्हणाले, त्याला नवं कापड सोसत नाही, मला आधी वापरून द्यावं लागतं. मला वाटलं, दोनचार वर्षांचा प्रकार असेल. जन्मभर माणूस श्वास आत घेऊन वावरला. रात्री घरी आले की पहिल्यांदा गुंड्या सोडायचे आणि असं 'हाऽ' करायचे. जिना चढणाऱ्या शेजाऱ्यांना ऐकू जायचं."

"पण फिटिंगची आवड..."

"कसली फिटिंगची आवड! पोटावर वळ उठायचे." त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे तीन सदरे होते, साधे, मळखाऊ, पसरट, धुऊन धुऊन पारदर्शक झालेले. "हे त्यांचे. घरात घालायचे."

धाकट्याने त्यांना हात लावला नाही. त्याला पुन्हा ती खोली आठवली, दिवा लावल्यावर रिकामी निघालेली. आता तिच्यात दादा बसला होता, पोट आत घेऊन.

वहिनींनी घड्यांमधून एक शर्ट वेगळा काढला. जांभळी चौकडी, इस्त्री कडक. "हा शेवटचा. गेल्या महिन्यात आणला होता. अजून पुरता मऊ झालेला नाही. पण आज सभेला हा घाला, भाऊजी. त्यांना बरं वाटेल. मलाही वाटेल."

शर्ट त्यांनी दोन्ही हातांवर धरून पुढे केला होता. आजवर असा पुढे आलेला शर्ट धाकट्याने नाकारला नव्हता. घ्यायचा, छान आहे म्हणायचं, घालायचा. हात पुढे जायला निघालाही. न घ्यावा तर वहिनींना काय वाटेल. घ्यावा तर शोकसभेत काय, उद्या, परवा आणि त्यापुढेही या अंगात कोण वावरणार ते कायमचं ठरून जाणार. धाकट्याचा हात मधेच थांबला.

"नको, वहिनी."

"का हो? मी धुतलाय."

"तसं नाही. मला चौकडी आवडत नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि खोलीत राहिलं. त्यालाही ते आत्ताच कळत होतं. वहिनी शर्ट तसाच धरून बसल्या होत्या. आता त्या रडणार, असं त्याला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "त्यांनाही नाही आवडायची."

"काय?"

"डोळ्यांत खुपते म्हणायचे."

"मग आणायचा कशाला?"

"तुम्हाला आवडते म्हणून!"

"मी कधी म्हटलं?"

दोघंही आठवू लागले. वहिनींना काही माहीत नव्हतं. धाकट्याला मात्र हळूहळू आठवलं. दादाच्या पहिल्या पगाराचा शर्ट. दादा दारात उभा, नवी नोकरी, नवी चौकडी, दोन्ही हात पसरून विचारतोय, कसा आहे रे? अशा वेळी माणूस काय म्हणतो? "छान आहे" म्हणतो. धाकटा म्हणाला होता. तेवढ्या दोन शब्दांवर चाळीस वर्षं चौकडी निघाली होती, दोन माणसांच्या अंगावरून, एकालाही नको असताना.

"एकदा विचारायचं तरी त्याने," धाकटा म्हणाला.

"एकदा सांगायचं तरी तुम्ही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी शर्टाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "ह्या रंगाला काय म्हणतात?" त्यांनी त्याच्या शर्टाकडे बोट दाखवलं.

"माहीत नाही. कोणी घेत नाही हा."

"दिसतंच आहे," वहिनी म्हणाल्या. "चला, उशीर होईल."

शोकसभा कॅरम क्लबाच्या हॉलमध्ये होती. बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी बायकांबरोबर पुढे गेल्या. धाकटा दारातून आत शिरला आणि तिथेच थबकला. सगळा हॉल चौकडीने भरला होता. कॅरमवाल्यांनी आपसात ठरवलं होतं: दादांच्या आठवणीसाठी प्रत्येकाने चौकडीचा शर्ट घालून यायचं. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी मुलाचा मागून आणला होता. एका आजोबांना काही मिळालं नव्हतं, त्यांनी चौकडीचा पंचा खांद्यावर टाकला होता. समोर फोटोतला दादा, तांबड्या चौकडीत, ओठ घट्ट मिटून. त्या चेहऱ्याला सगळे दादांचा रुबाब म्हणायचे. धाकट्याला आज पहिल्यांदा कळलं की फोटोतल्या माणसाने श्वास रोखून धरला आहे.

तो पहिल्या रांगेत जाऊन बसला. क्लबाचे सेक्रेटरी वाकून म्हणाले, "काका, माफ करा, ही रांग घरच्यांसाठी आहे."

"मी धाकटा."

"अरे देवा! ओळखलंच नाही. अहो, तुमचा चौकडीचा...?" त्यांनी वाक्य सोडून दिलं. दुःखात माणूस विसरतो, अशा समजुतीने त्यांनी त्याचा हात दाबला.

भाषणं झाली. प्रत्येकाने दादांच्या शर्टांबद्दल सांगितलं. रसिक माणूस, शौकीन माणूस, अखेरपर्यंत कपड्यांची हौस. एकाने तर दादांकडून आपण नीटनेटकं राहायला शिकलो असं सांगून स्वतःच्या कॉलरला हात लावला. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. मग सेक्रेटरींनी धाकट्याला पुढे बोलावलं.

तो उभा राहिला. समोर चौकडीच चौकडी. गप्प राहणं सोपं होतं. दोन वाक्यं बोलायची, हात जोडायचे, दादा रसिकच राहिला असता आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या वर बघत होत्या.

"दादाला चौकडी आवडत नव्हती," तो म्हणाला.

हॉलमध्ये हशा उसळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सगळे मोकळेपणी हसले. मागे कोणीतरी टाळीही दिली. भाऊ तो भाऊच, कोणी म्हणालं, तोच मिश्कीलपणा. पंचा टाकलेले आजोबा डोळे पुसत हसत होते. धाकटा हशा ओसरायची वाट बघत थांबला. त्याचा चेहरा तसाच होता, म्हणून ते आणखी हसले.

"मलाही नाही आवडत," तो म्हणाला. "हे शर्ट त्याने माझ्यासाठी घातले. माझ्या मापाचे होते. त्याला फार घट्ट व्हायचे."

आता काही जण हसले, काही नाही. सेक्रेटरींनी हळूच वहिनींकडे पाहिलं. वहिनी पदर तोंडाशी धरून मान डोलावत होत्या, होय, होय, अशी. हशा हॉलच्या मागच्या बाजूने विझत पुढे आला. खुर्च्या कुरकुरल्या. तांबड्या चौकडीतला दादा तसाच ओठ मिटून होता.

पुढचं वाक्य धाकट्याला माहीत होतं. घरून निघताना जुळवलेलं नव्हतं, इथे उभं राहिल्यावर सुचलं होतं, आणि फार साधं होतं. ते बोलायला गेला आणि गेल्या सोमवारपासून शेजाऱ्याचं झालेलं अंग एकदम स्वतःचं वाटू लागलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. सेक्रेटरींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. धाकट्याने तो घेतला, पण प्यायला नाही. दोन्ही हातांनी धरून उभा राहिला, आणि ग्लासातलं पाणी हलायला लागलं.

"सावकाश," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "आम्ही बसलोय."